मशीन अडलं होतं, निलेश नाही

मंडळी, आमच्या आगाशीच्या फोटो स्टुडिओत आज सकाळी निलेश जुन्या मशीनवर सर्व्हरचं फोल्डर माउंट करत होता, म्हणजे जोडून घेत होता. डेटा लगेच डिस्कवर लिहिण्याचा मी दिलेला ऑप्शन त्या मशीनला कळेना, म्हणून ते अडून बसलं.

निलेशने त्याला न कळणारे ऑप्शन सोडून द्यायला लावलं. "झालं ना चालू, कशाला डोकं खातोस," मला म्हणाला.

दुपारी लाइट गेली आणि त्या फोल्डरात टाकलेलं, पण डिस्कवर अजून न लिहिलेलं राजोडीच्या लग्नाचं शूटिंग उडालं. कॅसेट त्याने आधीच पुसली होती. नवरीचे वडील लग्नानंतर लगेच वारलेत.

शेठने नवरीला फोन निलेशलाच करायला लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. ती एवढंच म्हणाली, "मग बाबांचं काहीच नाही?" निलेश रडला. मी चहा पीत राहिलो.

न कळलेलं गिळून सॉफ्टवेअरने पुढे जावं, असं अजून कुणाला वाटतं? तिचा नंबर देतो. तुम्हीच समजवा.