तोडणारीने आधी खायचं

फोन सकाळी आला. रश्मी ऑफिसला निघायच्या घाईत होती, एका पायात बूट आणि एक बूट हातात. नागपूरहून तिच्या भावाचा फोन होता, तिकडे संध्याकाळ झाली होती. तिने "हां दादा, बोल" म्हटलं आणि ऐकत राहिली. हातातला बूट खाली पडला. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई दुपारी झोपली ती उठलीच नाही म्हणे." तव्यावरची पोळी जळाली तरी मला कळलं नाही. मला पहिल्यांदा रडू आलं नाही, भीती वाटली... की आता ती गोष्ट माझ्या एकटीजवळ राहिली.

सुमनताई माझी विहीण. माझ्या सुनेची, रश्मीची आई. मी भंडाऱ्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. त्या नागपूरच्या, मॅट्रिक झालेल्या, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या माणसाने वळून बघावं. एरवी अमेरिकेत आईबाप पाळीपाळीने येतात, सहा महिने मुलाकडचे, सहा महिने मुलीकडचे. पण दोन हजार चार साली रश्मीची दुसरी खेप होती, थोरली अनु चार वर्षांची होती, म्हणून माझ्या मुलाने, प्रशांतने, आम्हा दोघींनाही इकडे त्यांच्या गावी, नोव्हायला बोलावलं. दोन विहिणी एका खोलीत! मला तर पहिले आठ दिवस झोप लागली नाही. मुलाची आई म्हणून मला मान द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं, आणि शिकलेल्या बाईपुढे कसं बोलावं, असं माझ्या. सकाळी दोघीही बाथरूमच्या दाराशी उभ्या. "तुम्ही आधी." "नाही, तुम्ही." शेवटी त्याच म्हणाल्या, "अवो विहीणबाई, असं करत राहिलो तर दोघींचीही आंघोळ राहील!" तेव्हा मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा हसले.

मला त्या घरात सगळ्याची भीती वाटायची. दाराची घंटा वाजली की मी बाळाला घेऊन न्हाणीघरात जायची. फोन वाजला तर वाजू द्यायची. मायक्रोवेव्हला हात लावत नसे. सुमनताईंना कशाचीच भीती नव्हती. रश्मी कामावर जायला लागली तसं त्यांनी ठरवलं की घरात बसून आपल्याला बुरशी येईल. अनुला शाळेत सोडलं की बाळाला ढकलगाडीत घालून त्या मला बाहेर काढायच्या. साडीवर जाड कोट, पायात प्रशांत-रश्मीचे जुने बूट, अशा आम्ही दोघी. एकदा पोलिसाची गाडी आमच्याशेजारी हळू झाली. मी ताईंच्या मागे सरकले. ताईंनी हात वर करून मोठ्याने "हाय!" केलं. पोलीसही हसला, हात हलवून गेला. "काऊन घाबरता वो? आपण काय कोणाच्या म्हशी सोडवून नेतो का?" मी पाऊल उचललं. पण त्यानंतर रोज निघताना मला तीच गाडी आठवायची.

घरांच्या ओळीमागे जंगल आहे. फार मोठं नाही, पण आत गेलं की रस्ता दिसत नाही. मे महिना लागला होता, खाली पांढरी तीन पाकळ्यांची फुलं आली होती. मागच्या घरातले वॉल्टर आजोबा एक दिवस जंगलातून येताना दिसले. त्यांच्या हातात जाळीची पिशवी होती आणि तिच्यात अळंबी. आपल्या गावाकडच्या अळंबीसारखी, सात्यांसारखी, छत्रीची नाही. मधाच्या पोळ्याचा तुकडा देठावर उभा करावा, तशी टोपी. त्यांनी नाव सांगितलं, मोरेल. मग चाकूने एक उभं चिरून दाखवलं. टोपीपासून देठापर्यंत आत नुसती पोकळी. बोटाने पोकळी दाखवून "गुड" म्हणाले, मग आत कापूस भरल्यासारखं दाखवून गळ्यावरून बोट फिरवलं. एवढं इंग्रजी मलाही कळलं.

अळंबी बघितली की मला आईच आठवते. आमच्या गावी आई पावसाळ्यात रानातून सात्या आणायची. तिचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. जिने तोडलं तिने आधी खायचं, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायचं. आई खायची आणि आम्ही भावंडं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती पाणी प्यायली तरी आम्ही दचकायचो. मी चौथीत असताना एकदा तिला बाधलं. ती वाचली, पण महिनाभर उठली नाही. धाकट्यांना सांभाळायला मी घरी राहिले, ती परत शाळेत गेलेच नाही.

हे मी ताईंना सांगितलं. इतकं लांब बोलणं त्या घरात मी पहिल्यांदाच केलं असेल. ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला जंगल कळतं. मला तर पालक आणि चवळईतला फरक बाजारात गेल्यावर कळतो. उद्या जाऊ." मी नको म्हटलं. पण खरं सांगते, मनातून मला जायचं होतं. त्या देशात मला येणारी एक तरी गोष्ट होती.

ताईंनी कांद्याची रिकामी जाळीची पिशवी घेतली आणि जुन्या हिरव्या साडीचा काठ शिवून तिला खांद्याला अडकवायचा बंद केला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. त्या बाळाची गाडी धरून पायवाटेवर उभ्या राहिल्या, आत मी गेले. साल सुटलेलं एक वाळकं झाड होतं, त्याच्या बुडाशी पानांचा रंग थोडा वेगळा वाटला. मी खाली बसले. पहिलं एक दिसलं. मग डोळ्यांना सवय झाली आणि जिथे बघावं तिथे तीच. माझ्या हातांना सगळं आठवत होतं, देठ कुठे मोडायचा, माती कशी झटकायची. मी बावीस तोडली. ताई वाटेवरून ओरडत होत्या, "विहीणबाई, आवाज देत राहा, नाहीतर मी प्रशांतला काय सांगू, तुमची आई हरणाने नेली?"

घरी येऊन एकूण एक उभी चिरली. सगळी पोकळ होती. ताईंनी कांदा, लसूण, तिखट घालून फोडणी केली. मी म्हटलं, "दोन उकळ्या पुरे. सात्या जास्त शिजवल्या की चव जाते." हे मी म्हटलं. मग वाटीत काढली आणि आम्ही दोघी टेबलाशी बसलो. मला माहीत होतं, आधी कोणी खायचं ते. वाटी मी माझ्याकडे ओढलीसुद्धा. घासही उचलला. घास तोंडापर्यंत गेला आणि मला आई दिसली, गोधडीवर पडलेली. मी घास परत वाटीत ठेवला.

ताईंनी ते बघितलं. वाटी हळूच आपल्याकडे घेतली. "तुम्ही नका खाऊ. तोंड आधीच पांढरं पडलंय तुमचं."

"तोडलं मी, ताई. नियम..."

"कोण बघायला आलंय? तुमची आई काय इथे नोव्हायमध्ये बसली आहे का?" आणि त्यांनी खाल्लं. सगळी वाटी खाल्ली. "मटणाला मागे टाकेल बाप्पा!" म्हणाल्या.

मी त्यांना अडवलं नाही. अडवता आलं असतं.

तासाभराने त्या पोट धरून उठल्या. मग उलट्या सुरू झाल्या. एक झाली, दुसरी झाली, मग थांबेनातच. कपाळावर गार घाम आला. घरात मी, त्या आणि अडीच महिन्यांचं बाळ. त्या भिंतीला टेकून म्हणत होत्या, "पोरांना फोन नका करू. होईल बरं. पोरं रागावतील." मला रश्मीच्या ऑफिसचा नंबर लावताही येत नव्हता. प्रशांतने एकच नंबर शिकवला होता, नऊ, एक, एक. म्हणाला होता, "आई, बोलता नाही आलं तरी फोन ठेवायचा नाही. ते पत्ता शोधून येतात." मी बाळाला खांद्यावर टाकलं आणि ती तीन बटणं दाबली. पलीकडून बाई काहीतरी विचारत होती. मला विहिणीला इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, "माय सिस्टर. मशरूम. कम." पुन्हा पुन्हा तेवढंच. "माय सिस्टर. कम." ती बाई बोलत होती, बाळ रडत होतं, ताई जमिनीवर आडव्या झाल्या होत्या. मी फोन ठेवला नाही. कानाशी दाबून धरून तेवढंच म्हणत राहिले.

अँब्युलन्समधून उंच दोन माणसं आली, ताईंना नेलं. सोबत उरलेलं पातेलंही नेलं. संध्याकाळी डॉक्टरांनी प्रशांतला सांगितलं की अळंबी बरोबर होती, विषारी नव्हती, पण कच्ची राहिली होती. ही नीट, बराच वेळ शिजवावी लागतात. दोन उकळ्या पुरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई पलंगावर उठून बसल्या तेव्हा रश्मी रडून रडून लाल झाली होती. आता तिला राग आला. "आई, तुला कोणी सांगितलं होतं जंगलात जाऊन काहीपण तोडायला? बाळ घरात होतं! अनुने खाल्लं असतं तर?"

आता सांगावं लागणार. मग बाळ माझ्या हातात देतील का? प्रशांत मला परत पाठवेल का? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "माझंच चुकलं. मीच तोडली, मीच शिजवली. विहीणबाई तर नको-नको म्हणत होत्या."

मी भिंतीकडे बघत राहिले.

रश्मी बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. "फोनवर बहीण सांगितलं ना? आता अहो-जाहो बंद. इंदू म्हणीन मी." त्यानंतर त्या मला इंदूच म्हणायच्या, अगं-तुगं करायच्या. मला मात्र कधीच 'तू' म्हणता आलं नाही. ज्या बाईच्या मागे आपण लपलो, तिला एकदम 'तू' कसं म्हणायचं?

घरात ती गोष्ट पुढे थट्टेची झाली. पाहुणे आले की रश्मी सांगायची, "आमच्या आईचा पराक्रम ऐका." ताई स्वतःच हसत सांगायच्या, दर वेळी अळंबी वाढवून. मी चहा करायला उठायची. एकटं असताना दोन-तीनदा मी म्हटलं, "ताई, मी सांगून टाकते." त्या म्हणायच्या, "कशाला? माझी लेक आहे, तिचं ओरडणं मला पचतं. तुला नाही पचणार." या मार्चमध्ये फोनवर शेवटचं बोलणं झालं. म्हणाल्या, "यंदा तिकडे यायला माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं गं. तू जाशील जंगलात. एकटी जा." मी म्हटलं, "मी एकटी? नाही बाप्पा." त्या हसल्या. "इंदू, किती वर्षं घाबरशील?" मग अनु फोनवर आली आणि इंग्रजीत सुरू झाली, आमचं तिथेच राहिलं...

रश्मी नागपूरला जाऊन, आईच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी करून परत आली. परवा ती भांडी आवरता आवरता थांबली आणि म्हणाली, "आई, मी तिला त्या मशरूमवरून किती बोलले. चार वर्षं. लोकांसमोर. ती कधी उलट बोलली नाही." मी कढई पुसत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी ती एकच कढई तीनदा पुसली.

आज सकाळी मुलं शाळेत गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेले. खिळ्यावर ती पिशवी लटकते, हिरव्या काठाचा बंद असलेली. चार वर्षांत कोणी काढली नाही. मी ती घेतली आणि जंगलात गेले. एकटी. पान हललं तरी मागे वळून बघत होते. पायवाटेवरून हाक मारायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने बोलत राहिले, "आहे मी, ताई, इथेच आहे." साल सुटलेलं झाड आता आडवं पडलं आहे. त्याच्या कडेने सात मिळाली. येताना वॉल्टर आजोबा कुंपणाशी होते. त्यांनी एक चिरून बघितलं, मान डोलावली. मग दोन बोटं वर केली, दुसरी कुठे, म्हणून. मी नुसती नाही अशी मान हलवली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मी सगळी चिरली, धुतली, आणि घड्याळ समोर ठेवून शिजवली. भरपूर वेळ, मऊ होईपर्यंत. मग टेबलाशी त्याच खुर्चीवर बसले. घास उचलला तेव्हा हात थरथरला. थरथरू दिला. खाल्लं. ताई खरंच सांगत होत्या, मटणाला मागे टाकेल.

उरलेलं वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवलं आहे. वर ताटली, आणि ताटलीवर कागद. तोंडाने मला जमणार नाही, म्हणून त्यावर लिहिलं आहे: 'रश्मी, हे मी तोडलं, मी शिजवलं, मी आधी खाल्लं. उद्या सकाळपर्यंत कोणी खाऊ नये. त्या वर्षीही तोडणारी मीच होते. आधी खायची पाळी माझी होती, तुझ्या आईने घेतली. तिची काही चूक नव्हती.'

साडेपाच होत आले. पोटात कालवतंय, ते अळंबीने नाही हे मला कळतं. पिशवी परत खिळ्याला लावली आहे, अजून ओली आहे. गॅरेजचं दार वर जायला लागलंय, रश्मीची गाडी आली.