तीनशे पानांची पंगत

अक्षय्य तृतीया होऊन गेल्यानंतरचा सोमवार, सकाळ. स्थळ, मुंबईचा विमानतळ. हजर: मी, आमचे हे, आमचे व्याही आणि व्याह्यांच्या पिशव्या. कुंडलहून एक अख्खी जीप भरून माणसं त्यांना पोचवायला आली होती, ती आत सोडत नाहीत म्हणून दारातच राहिली. आम्ही तिघे निघालो होतो कॅनडाला. तिथे माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, त्यांचा मुलगा आणि आमची दोघांची मिळून एकच नात राहते. तोवर त्या नातीला व्याह्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं.

आमच्या व्याह्यांबद्दल एक गोष्ट मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. अनोळखी माणूस नावाची काही चीज जगात असते, यावर विश्वास नसलेला असा गृहस्थ सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दुसरा सापडणार नाही. एसटीत बसले की तिकीट काढायच्या आधी शेजाऱ्याचं गाव काढतात. गाव कळलं की त्या गावातला आपला पाहुणा काढतात, आणि पाहुणा नाही निघाला तर त्या गावच्या बैलबाजारात कधीकाळी घेतलेला बैल तरी निघतोच. एकदा आमच्याकडे साताऱ्याला दुपारच्या जेवणाला येतो म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. पुरणपोळ्या शिळ्या झाल्या होत्या, मी तसं बोलून दाखवलं. तर म्हणाले, "आवं ईनबाई, गाडीत कोरेगावचं एक पावणं भेटलं. त्येंच्या लेकीचा साखरपुडा हुता. नगं म्हनायचं कसं?" ईनबाई म्हणजे मी, विहीणबाई. त्या साखरपुड्याला व्याही वधूपक्षाकडून की वरपक्षाकडून गेले होते, ते अजून ठरायचं आहे. लग्नाची पत्रिका मात्र दोन्हीकडून आली.

दुसरी गोष्ट म्हणजे पंगत. कुंडलमधलं लग्न असो, जत्रेचं जेवण असो की कुणाचं तेरावं, कमरेला पंचा बांधून पंगतीच्या तोंडाशी उभे राहणार ते व्याहीच. त्यांचा नियम एकच आहे आणि त्याला अपवाद नाही. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानाने हात लावायचा नाही. "एकानं खायाचं आन् दुसऱ्यानं बघत बसायचं, ते जेवान अंगी लागत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही साताऱ्याच्या कार्यालयात बुफे ठेवला होता. मुलाचे वडील म्हणून त्यांना मानाने बसवायचं, हे काम मी स्वतःकडे घेतलं होतं. पण ते बसतील तर ना! माणसं ताटं घेऊन उभी आहेत हे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये काय, रेशनच्या रांगंवानी?" आणि बघता बघता सतरंज्या अंथरल्या गेल्या, नवऱ्या मुलाचे पुण्याचे मित्र बादल्या घेऊन पळायला लागले. आमच्या ह्यांचे वरिष्ठ साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी जिलबीचा तुकडा उचलला मात्र, व्याह्यांनी त्यांचं मनगट अलगद धरलं. "सायब, दमानं. कडंचं पान अजून कोरडं हाय." साहेबांनी जिलबी परत ठेवली. पुढे निवृत्त होईपर्यंत ते ह्यांना मधूनमधून विचारत, "तुमचे व्याही बरे आहेत ना?" आणि त्या विचारण्यात आपुलकीपेक्षा धाक जास्त असे.

तर असा माणूस विमानात बसणार होता. त्यांच्या मुलाने फोनवर सांगून ठेवलं होतं की विमानात तीनशे माणसं असतात, सगळी दिवसभर एकत्र, आणि जेवण जागेवर येतं. बाकीचं काही व्याह्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. तीनशे माणसं, एक दिवस, आणि जागेवर जेवण. त्यांच्या हिशेबी हे प्रवासाचं वर्णन नव्हतंच, वऱ्हाडाचं होतं. त्यांनी नवीन धोतर काढलं, टोपी कडक इस्त्रीची केली आणि महिनाभर गावात सांगत फिरले, "लय माणसं भेटनार."

सुरुवात तशीच झाली. तपासणीच्या जागी त्यांच्या पिशवीतून काकवीची बाटली निघाली. पातळ पदार्थ हातातल्या सामानात न्यायचा नाही हे मी तीन वेळा सांगितलं होतं, त्यांच्या पिशवीवर चिठ्ठीही लावली होती. चिठ्ठी बाटलीलाच गुंडाळलेली निघाली. तिथल्या जवानाने बाटली बाजूला ठेवली. व्याह्यांना वाटलं, त्याला आवडली. "ठेवा, ठेवा. घरी पोरास्नी द्या. आपल्याच गुऱ्हाळाची हाय. सायब, गाव कंचं?" जवान हसला, म्हणाला, "वडूज." झालं! मागे माणसांची रांग, पट्ट्यावरून आमचे ट्रे पुढे गेलेले, आणि हे दोघे वडूजच्या बाजारात. व्याही निघाले ते अगदी खुलून. "बघितलं का पावणं," ते आमच्या ह्यांना म्हणाले, "अजून इमानात चढलो न्हाई तर वळक निघाली."

ती त्या दिवसाची शेवटची ओळख.

विमानात आमच्या जागा मी आधीच ठरवून घेतल्या होत्या. व्याही मधे, कडेला मी, माझ्या पलीकडे वाट आणि वाटेपलीकडे आमचे हे. खिडकीशी एक तरुण होता. त्याने बसल्याबरोबर खिडकीचा पडदा ओढला, कानात बोळे घातले आणि डोळे मिटले. व्याह्यांनी त्याला गाव विचारलं. पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "खिडकी घेतली आन् पडदा लावला. मग घेतली कशापायी?" त्यांनी मांडी घालून बसायचा प्रयत्न केला, तर एक गुडघा त्या तरुणाच्या बरगडीत आणि दुसरा माझ्या पर्समध्ये. गुडघे खाली घेतले तोच पुढच्या माणसाने आपली खुर्ची मागे पाडली. त्याचं टक्कल बरोबर व्याह्यांच्या हनुवटीखाली आलं. व्याह्यांनी त्या टकलाकडे थोडा वेळ मायेने पाहिलं आणि विचारलं, "पावणं, मांडीवरच निजताय व्हय? निजा, निजा." टक्कल हललं नाही. मग व्याह्यांनी मान उंच करून सगळं विमान न्याहाळलं. जिकडे तिकडे माणसं समोरच्या पडद्यात नाहीतर झोपेत. "ईनबाई," ते म्हणाले, "कुनाचं काय झालंय का? समदी मयताला निघाल्यावानी गप हायती."

मी त्यांना म्हटलं, जेवण येईल आता, मग माणसं जागी होतील. मला काय ठाऊक, मी काय बोलून बसले ते!

जेवणाची गाडी पुढून निघाली. आमच्यापर्यंत आली, तिघांना ट्रे मिळाले. लहानसा चौकोनी डबा, त्याला चांदीचा कागद, शेजारी पाव, नखाएवढं लोणी आणि एका वाटीत काहीतरी गोड. मी माझा कागद सोलला आणि चमचा उचलला. शेजारी पाहिलं तर व्याही हात जोडून बसलेले. डब्याला हात नाही. "आबा, घ्या ना," मी त्यांना म्हटलं. "घीऊ की. मागं वाढायचं हाय अजून." मी मागे वळून पाहिलं. मागे विमान संपता संपत नव्हतं. आता मुलीचे सासरे शेजारी हात जोडून बसले असताना मुलीच्या आईने घास कसा उचलायचा? मी चमचा ठेवला. वाटेपलीकडे आमचे हे भाताचा मोठा घास घेऊन बसले होते. व्याह्यांनी नुसतं तिकडे पाहिलं. तो घास बराच वेळ गालातच राहिला.

व्याही उठून उभे राहिले आणि टोपी सावरून मागच्या रांगा बघायला लागले. हवाई सुंदरीने हिंदीत खाली बसायला सांगितलं. "बसतो बाई, पर उजव्या अंगाला दोन पानं राह्यली तुमची," त्यांनी तिला सांगितलं. तेवढ्यात विमान गदगदा हलायला लागलं, पट्टे बांधायची घोषणा झाली आणि वाढणं अर्ध्यावर थांबवून गाडी मागे कुठेतरी नेऊन ठेवली. म्हणजे पुढच्यांना वाढलेलं, मागच्यांना नाही. यापेक्षा वाईट पंगत व्याह्यांनी आयुष्यात पाहिली नसेल. "आबा, निवतंय," मी म्हणाले. "निवू दे. मागं ल्हान पोरं हायती, ईनबाई. वास जातोय त्येंच्यापातुर."

विमान स्थिर झालं. मागची वाढणी कधी सुरू झाली ते आम्हाला दिसलं नाही. दिसली ती पुढून आलेली रिकामी गाडी, ट्रे गोळा करणारी. सुंदरीने व्याह्यांच्या ट्रेकडे हात केला. त्यांना वाटलं, मागे कमी पडलं असणार आणि ही पुढच्यांकडचं मागून घेऊन जातेय. पंगतीत असं होतंच. त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे उचलून दिला. "न्या, न्या. आमाला काय घाई न्हाई. आदी पोरास्नी द्या." तिने तो न उघडलेला डबा गाडीत सारला. वर खरकटे डबे, खाली खरकटे डबे, मधे हा.

ते व्याह्यांनी पाहिलं. मीही पाहिलं. त्यांचे हात काही वेळ तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते धोतरावर ठेवले आणि एवढंच म्हणाले, "भरलं पान टाकलं की."

त्यानंतर कॅनडा येईपर्यंत ते बोलले नाहीत. मी माझ्या पर्समधला राजगिऱ्याचा लाडू दिला. त्याचे त्यांनी तीन तुकडे केले, एक मला, एक वाटेपलीकडे ह्यांना, आणि आमचे हात तोंडाशी गेल्यावर आपला तुकडा खाल्ला. दुसऱ्या जेवणाच्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. झोप लागली नव्हती, मला कळत होतं. एसटीत कंडक्टरला सुद्धा पेंग येऊ न देणारा माणूस! तसा तो गप्प बसलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आमच्या विहीणबाई, म्हणजे त्यांची बायको, गेल्या तेव्हा.

तिकडे नातीने त्यांना बोलतं केलं. ती तीन वर्षांची. महिन्याभरात ती सगळ्यांना वाढून होईपर्यंत हात मांडीत घेऊन बसायला शिकली आणि जावईबापूंनी फोडणीच्या भाताचा पहिला घास चोरला की "बाबा, दमानं!" असं ओरडायला लागली. परतीच्या विमानात मात्र व्याही पुन्हा मुके. घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मुक्यानं उडायचं आन् मुक्यानं उतरायचं. पुन्यांदा न्हाई."

यंदा मुलीला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. बाळंतपणाला मी जाणारच, पण नातीची मागणी एकच आहे: आबा हवेत. दर रविवारी ती फोनवर विचारते आणि व्याही सांगतात, ऊस तुटला की बघू. कारखान्याची तोड येऊन गेली, ऊस गेला, तरी बघूच. ते सत्तरीच्या पुढे आहेत, आणि नात मोठी होतेय, ती काही थांबत नाही. शेवटी मीच कुंडलला गेले. स्पष्ट विचारलं, येणार की नाही? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ईनबाई, त्या इमानात अगदी कडंची रांग मिळंल का? शेवटची?"

"शेवटची? संडासाशेजारची? ती कुणी मागत नाही आबा."

"मग आपल्याला गावंल. आवं, तितं आपलं पान शेवटचं. आपल्याला वाढलं म्हंजी समद्यांस्नी वाढून झालं. मग खायाला मोकळं."

महिनाभर त्यांनी यावरच विचार केला असणार. मी साताऱ्याला आले त्याच दिवशी जागा धरून टाकल्या, शेवटच्या रांगेतल्या, तिघांच्या लागून. औषधं भरली, विमा झाला, काकवी मोठ्या सामानात आधीच गुंडाळून ठेवली. मग मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "अगं आई, पण पुष्कळ विमानांत गाड्या दोन्हीकडून निघतात. शेवटच्या रांगेला पहिलं वाढतात कितीदा तरी."

हे व्याह्यांना सांगायचं काम तेवढं राहिलं आहे. मी फोन लावते. ते तिकडून आधीच सुरू होतात. नातीला खणाचं परकर-पोलकं शिवायला टाकायचंय, शिंप्याने उंची विचारलीय, मागच्यापेक्षा किती वाढली असंल? मी उंची सांगते. ते मोठ्याने शिंप्याला सांगतात, त्याचं गाव कुठलं, त्याची मुलगी कुठे दिली, हेही मला सांगतात. मी ऐकून घेते आणि फोन ठेवते.