सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मधली खुर्ची

१२ मे २०२४, रविवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझे वडील आमच्याच खोलीत स्थानबद्ध झाले. जबाबदार व्यक्ती : मी, एम.एस्सी., भौतिकशास्त्र.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची कंबर दुखत होती. म्हणून मी मागे रेलणारी, पाय उचलून धरणारी एक गुबगुबीत खुर्ची घ्यायचे ठरवले. डिलाईल रोडच्या चाळीतल्या आमच्या खोलीला दार एकच, तेही अरुंद. मी चौकट मोजली : साडेअठ्ठावीस इंच. मग सर्च इंजिनात लिहिले : ‘रिक्लायनर खुर्ची 26..28 इंच’.

"ही दोन टिंबं कसली?" आईने विचारले.

"दोन आकड्यांमध्ये ती दिली, की त्यांच्या दरम्यानचा आकडा असलेलीच पानं समोर येतात. बाकी सगळं गाळलं जातं."

पहिल्याच निकालाखालच्या तुटक मजकुरात 27 ठळक दिसला. मी ऑर्डर दिली.

"अगं, रुंदी तरी वाचलीस का?"

"आई, चाळलेलं पीठ पुन्हा कुणी चाळतं का?"

(आई चाळते. हे मला तेव्हाच आठवायला हवे होते.)

खुर्ची आली. आणणारे दोघे ती गॅलरीत टेकवून, दाराकडे एकदा आणि माझ्याकडे दोनदा बघून निघून गेले.

"फोम आहे, दबेल!" मी जाहीर केले. बाबा आतून ओढू लागले. मी, आई आणि शेजारच्या मंदाकाकू बाहेरून रेटू लागलो. फोम खरोखर दबला! पाठ आत, बैठक बाहेर, अशी खुर्ची निम्मी गेली. मग फोम आपल्या स्थितिस्थापकतेला जागला आणि फुगून त्याने चौकट घट्ट धरली.

"घर्षण कमी करू. काकू, खोबरेल तेल आणा."

तेलाने एवढेच झाले, की खुर्ची जागीच राहिली आणि आमचे हात सटकू लागले.

तेवढ्यात खिडकीच्या गजांमागे बाबांचा चेहरा उगवला.

"गो बाय, किती वेळ लागेल?"

"फार तर अर्धा तास."

"मी दोन कप चहा घेतलाय."

आम्ही तिघींनी एकदम गॅलरीच्या टोकाकडे पाहिले. आमच्या मजल्याचे संडास गॅलरीच्या टोकाला आहेत. बाबा आणि ते टोक यांच्या मधोमध माझे संशोधन अडकले होते!

संडासाच्या रांगेतली मंडळी बादल्यांसकट खिडकीशी जमली.

"काका, जामीन कोण राहतंय?"

"भावोजी, नळाच्या आवाजाकडे लक्ष देऊ नका हां!" मंदाकाकूंनी मोलाचा सल्ला दिला.

"मी वरून येतो," बाबा आतून गरजले.

"अहो, कंबर!" आई किंचाळली.

"कंबरेचं नंतर बघू!"

स्टूल सरकल्याचा आवाज आला. खुर्चीच्या पाठीवरून आधी एक पाय दिसला, मग लुंगी, मग बाबा. आणि ते धप्पकन बैठकीवर आदळले. त्या धक्क्याने खुर्चीचा दांडा सुटला, पायटेकणी ताडकन उघडली आणि तेलकट चौकटीतून खुर्ची बाबांसकट गॅलरीत प्रकटली. क्षणभर बाबा दरबार भरवल्यासारखे ऐसपैस पहुडले होते. पुढच्या क्षणी लुंगी सावरत धावत सुटले. रांगेने मुकाट वाट दिली.

परतल्यावर ते गॅलरीतच, त्याच खुर्चीत, समाधानाने रेलले.

"झकास आहे गो. आता हिच्या मापाचं घर शोध."

मी ते पान पुन्हा उघडले. रुंदी : चौतीस इंच! मग सत्तावीस आले कुठून? (सर्च इंजिनाला फक्त आकडा हवा असतो, तो कशाचा, ही चौकशी माणसाने करायची असते. पदवीधर माणसानेसुद्धा.) पानाच्या अगदी तळाशी ते सापडले. ‘दारातून आत जात नाही’ असे कळवणारे ग्राहक : 27.

मीही तसे प्रामाणिकपणे कळवले. नवा आकडा अजूनही माझ्या मर्यादेत चोख बसतो : 28.