अक्षर न येणाऱ्याचा चष्मा

जानेवारी १९९८, रविवार, सकाळी नऊ. यंत्रमागांचं कबनूर, मंदिराचा सभामंडप. उपस्थित: आमच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, खजिनदार, हारतुरे आणि फोटोग्राफर सांभाळायला चार सभासद भगिनी, डोळे तपासणारी एक मुलगी, आणि याद्या करणारी मी. ज्यांच्यासाठी शिबिर होतं ते बाहेर उन्हात, रांगेत.

मंडळ शहरातल्या राजारामपुरीतलं. सेवा हाच धर्म, असं पाटीवर ठळक लिहिलेलं. त्या वर्षी गरिबांना चष्मे वाटायचे ठरले. जवळचं दिसतं का, हे बघायला अण्णांनी मंडळाची स्तोत्रांची पुस्तिका दिली होती. तपासणी आणि धर्मप्रसार एकाच खर्चात. अर्जाचा नमुना माझा. त्यात मी एक सुबक रकाना आखला होता: ‘वाचन: आहे / नाही’.

अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस टेबलापुढं आला. वहिफणीचं काम करायचा. म्हणजे कापड विणायला लावण्याआधी यंत्रमागाच्या बारीक डोळ्यांतून ताण्याचा, म्हणजे उभा, एकेक धागा हातानं ओवायचा, दिवसभर.

“हे वाचा,” मुलीनं पुस्तिका पुढं केली.

“शाळंत गेलतो कुठं मी? अक्षर न्हाय येत.”

मी ‘नाही’वर खूण केली. अण्णांनी अर्ज ओढून घेतला.

“वाचताच येत नाही, तर जवळचा चष्मा कशाला?”

“धागा दिसंना झालाय, अण्णा. ओवताना चुकतंय. मालक म्हणतोय, आठ दिस बघतो, न्हायतर दुसरा माणूस लावतो.”

“पेपर नाही, पोथी नाही,” खजिनदार म्हणाले. “चष्मा लावून मिरवायचंय काय, पावणं?”

भगिनी हसल्या.

“मिरवाय तुम्ही हाईसा की,” तो म्हणाला. “हार बी आणल्यात.”

मी म्हटलं, “अण्णा, सुईत दोरा ओवायला सांगा. त्याची परीक्षा तीच.”

“ताई, एकासाठी नियम मोडला की रांग मोडते.”

अण्णा जन्मात कुठल्या रांगेत उभे राहिले होते, देव जाणे. अर्जावर शिक्का बसला: आवश्यकता नाही. दुपारी चष्मे उरले. खोकं बांधून गाडीत गेलं, पुढच्या शिबिरासाठी, म्हणजे पुढच्या फोटोसाठी.

त्या मुलीनं मात्र त्याला पायरीवर गाठून, काचा बदलून बघत नंबर काढला आणि चिठ्ठी मला दिली. दोन दिवसांत मी चष्मा करून घेतला. आठवड्याच्या आत पोचवायचा होता. पण मंडळाची वार्षिक सभा आली. अहवाल माझ्याकडे. ‘शिबिर अत्यंत यशस्वी’ हे वाक्य मीच लिहिलं, दोनदा कच्चं करून.

मी कबनूरला पोचले सतराव्या दिवशी. अर्जावर लिहिलेल्या कारखान्यात त्याच्या जागी एक तरुण धागे ओवत होता.

“ते मामा व्हय?” मान वर न करता तो म्हणाला. “सोडलं की त्यास्नी. बिऱ्हाड घिऊन गावाकडं गेलं.”

“कुठलं गाव?”

“खालतिकडं, सीमंकडचं. नाव न्हाय ठावं. मालकालाच इचारा.”

मालकालाही माहीत नव्हतं. माझ्या अर्जात मूळ गाव विचारलेलंच नव्हतं. डायरीत त्या तारखेखाली लिहिलं: गाव शोधणे, चष्मा देणे. त्या ओळीवर अजून काट मारलेली नाही.