माशीला कुंकू

रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकाला वरच्या अंगाला एक बारीक पातं उभं असतं. आमच्याकडे त्याला माशी म्हणतात. मागे घोड्यापाशी एक खाच असते. खाचेतून माशी बघायची, माशीवर शत्रू ठेवायचा आणि चाप दाबायचा, एवढीच ती विद्या. माझ्या मामाला ती दोन वर्षांत आली नाही. ज्या दिवशी आली, त्यानंतर महिन्याभरात त्यानं रिव्हॉल्व्हर घरातून घालवलं.

मामा आदिलाबादकडच्या बेल्याजवळच्या एका गावचा पाटील. म्हणजे सरकारनं पाटीलक्या काढून टाकेपर्यंत होता. पुढे लोक सवयीनं म्हणत आणि तो सवयीनं ऐकत असे. पाटीलकीबरोबर दप्तर गेलं, शिक्का गेला, चावडीवरची खुर्ची गेली. माणसाला काहीतरी मिरवायला लागतंच. तेव्हा जंगलपट्ट्यातल्या नक्षली बंदूकवाल्यांना आमच्याकडे सगळे दबक्या आवाजात ‘अण्णा लोक’ म्हणत. आमच्या कापसाच्या पट्ट्यात ते फारसे फिरकत नसत. पण मामाच्या जिवाला असलेला धोका अर्जात इतका रंगवला होता की वाचून मलाच त्याची काळजी वाटली. अर्ज मीच लिहिला होता. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि जेवायला मामाकडेच असे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

परवाना आला, बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर आलं, आणि मामा धोतरावर चामडी पट्टा बांधून हिंडू लागला. वांग्याच्या वाफ्यात पट्टा, लग्नात पट्टा. एका मयतीला गेला तर लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. तो त्याला मान समजला.

मामीचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या दारी रोज चार बाया विरजण मागायला येत. वाटीभर विरजणाच्या निमित्तानं गावातल्या सगळ्या बातम्या तिच्यापर्यंत पोचत. मामा ओसरीत मांडीवर रिव्हॉल्व्हर ठेवून पुसत बसू लागला, तसं ते थांबलं. “माह्या घरचं दही आता माह्यापाशीच नासते,” ती मला म्हणाली. तिला ते रिव्हॉल्व्हर घरातून जायला हवं होतं. ते काही तिच्या सांगण्यानं जाणार नव्हतं.

मग एक दिवस ठाण्याचा फौजदार आला. तरुण, तेलुगू मुलखातला, आमच्याशी हिंदीत बोलायचा. चहा पिऊन झाल्यावर त्यानं पट्ट्याकडे बोट केलं.

“पटेल साब, ये आपके पास है, मतलब समझो उनकेच पास है. आके छीन लेंगे. चलाना आता क्या?”

“आता,” मामा म्हणाला.

“तो दिखाओ. दशहरे के बाद आता मैं. दस कदम पर, पाँच में तीन. नहीं तो ठाणे में जमा.”

दसऱ्याला महिना होता. मामानं गावातल्या निवृत्त हवालदाराला बोलावलं. हा माणूस फौजेत पंधरा वर्षं पोरांना नेमबाजी शिकवून आला होता आणि आता मिरच्या लावत होता. नाल्याच्या दरडीपुढे कडब्याची पेंढी उभी केली, तिला मामाचा जुना सदरा घातला, आणि शिकवणी सुरू झाली.

“दोन हातानं धरा, पाटील.”

“दोन हातानं? मी काय लोटा भरून राह्यलो?”

“एका हातानं थरथरते.”

“माहा हात थरथरत नाही.”

“मंग सदरा थरथरत असन.”

खरी अडचण डोळ्यांची होती. मामाला लांबचं लख्ख दिसे, जवळचं नाही. पेपर वाचताना तो हात लांब लांब करत जाई. हात पुरेनासा झाला की पेपर माझ्याकडे देई. आणि हवालदाराचं म्हणणं नेमकं उलटं होतं.

“नजर माशीवर ठेवा. माशी साफ दिसली पायजे. समोरचा मानूस धुकट दिसला तं दिसू द्या.”

“ज्याले मारायचं त्यालेच धुकट करू? मंग मारू कोनाले?”

“मानूस कुठं जात नाही, पाटील. नेम माशीचा चुकते. तुमाले माशी दिसते काय?”

“दिसते ना.”

“कुठं हाय?”

मामानं रिव्हॉल्व्हर पेपरसारखं आणखी लांब धरलं. हवालदारानं चष्म्याचं नाव काढलं तेव्हा मात्र तो उखडला. “चष्मा लावून कोनी गोळी घालते काय? शत्रू हासन.”

“हासू द्या. हासनारा मानूस जागेवर उभा रायते. नेमाले बरं.”

पाच गोळ्या उडवल्या. सदरा होता तसाच राहिला. मामाचं मत पडलं की गोळ्या कडब्याच्या ताटांमधून आरपार गेल्या, म्हणून भोक दिसत नाही.

“सदऱ्यातूनबी?” हवालदारानं विचारलं.

दसरा आला. पाटावर विळा, कुऱ्हाड, वखराची पास आणि मधोमध रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर मांडलं. पूजा मामी करत होती. मी शेजारी बसून आपट्याची पानं निवडत होतो, म्हणून सगळं पाहिलं. बाकीच्या हत्यारांना तिनं बोटानं टिळा लावला. रिव्हॉल्व्हरची पाळी आली तेव्हा तिनं वाटीत कुंकू घेतलं, त्यात तूप घालून चांगलं मळलं, आणि करंजीत सारण भरावं तशी मागची खाच दाबून भरली. मग माशीवर एक गोळा बसवला.

“मामी, तिथे जरा जास्त झालं.”

“देवाचं काम हाय, मास्तर. त्यात जास्त होत नसते.” मग ओसरीकडे बघून हळूच म्हणाली, “अन् पुजेचं कुंकू पुसत नसतेत, ते तुमच्या मामाले तुमीच सांगा. माह्यं ते आयकत नाहीत.”

मी सांगितलं. चार पुस्तकं वाचलेला माणूस म्हणून माझ्या शब्दाला त्या घरात वजन होतं, आणि मी ते असं वापरलं. दुसऱ्या दिवशी हवालदार चिंधी घेऊन पुसायला आला तेव्हा मामानं रिव्हॉल्व्हर छातीशी धरलं. “देवीचं हाय ते. हात लावू नोका.” हवालदारानं माशीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, चिंधी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, “बरं. पन उद्या दोन हातानं धरसान.”

फौजदार जीपनं आला. अर्धं गाव नाल्यावर होतं. मामी बायांच्या मागे उभी होती. गेल्या दोन वर्षांत इतक्या बाया तिला पहिल्यांदाच एका जागी भेटल्या होत्या.

मामानं दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उचललं. पहिली गोळी दरडीत गेली. मामा थांबला. डोळे बारीक केले, मान थोडी मागे घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हरवलेलं सापडल्यासारखं दिसलं. दुसरी गोळी सदऱ्याच्या गळ्याशी लागली. तिसरी तिच्याशेजारी. चौथी दरडीत. पाचवीनं वरची गुंडी उडवली.

मामीनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, कौतुकानं भरून आलं.

“हे कसं झालं?” मी हवालदाराला विचारलं.

“बारीक काळी माशी म्हाताऱ्या डोळ्याले कशी दिसन? लाल गोळा दिसते. दहा पावलावर खाच लागतच नाही, मास्तर. माशी छातीवर ठेवाची अन् दाबाचं. फौजेत सांज झाली का आमी माशीले चुना लावत होतो.”

“पण गोळ्या गळ्याशी का?”

“खाच बुजवली ना कोनी तरी. मंग माशी वर उचलल्याबिगर दिसत नाही. नळी वर, गोळी वर.” तो बायांच्या घोळक्याकडे बघत म्हणाला. “बाईनं खाच सोडली असती तं पाचही लागल्या असत्या, पाटलाच्या खिशात.”

फौजदारानं मामाच्या पाठीवर थाप मारली. “वा, पटेल साब. मैं तो सब जगह बोलूँगा.”

तो बोलला. बेल्याच्या बाजारात पाचातल्या तीन होत्या. जैनथच्या बाजारात पाचही झाल्या. आदिलाबादच्या बाजारात पाटील डोळे बांधून मारतो असं मला एका पानवाल्यानं सांगितलं, मी त्याच गावाकडचा आहे हे त्याला माहीत नसताना. मामा दोन आठवडे पट्टा घट्ट बांधून हिंडला. मामीचं दही नासतच होतं.

मग एका दुपारी ती त्याला भाकरी वाढता वाढता म्हणाली, “काल जैनथच्या बाजारात दोन पोरं तुमचं घर विचारून राह्यली होती म्हने.”

“कोनती पोरं?”

“मले काय माईत. इकडची नव्हती. तुमचा नेम कसा हाय तेबी विचारलं म्हने.”

मामाचा घास हातातच राहिला. “दिसाले कशी होती?”

“चपला चांगल्या होत्या म्हने.”

पोरं खरी होती की नाही, मी आजवर विचारलेलं नाही. अण्णा लोकांसारख्याच कपाशीचं बियाणं विकणाऱ्यांच्याही चपला चांगल्या असत. पण जिवाच्या धोक्याचा जो अर्ज मी लिहिला होता, तो त्या दुपारी मामाला पहिल्यांदा खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी आणि तो ठाण्यात गेलो. फौजदारानं डोळे मोठे केले. “पास हो गए ना आप? अब क्यों?”

“कानून का मान रखना,” मामा म्हणाला.

फौजदारानं पावती लिहिली, रिव्हॉल्व्हर उघडून तपासलं, नळीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. “ये क्या है?”

“पूजा.”

त्यानं शिपायाकडून रॉकेलची चिंधी मागवली आणि माशी, खाच, सगळं पुसून काढलं. मामा भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला.

पट्टा मात्र त्यानं सोडला नाही. त्यात आता तंबाखूची डबी असे. तीनच दिवसांनी शेजारची सून वाटी घेऊन दारात आली. आधी ओसरीत डोकावली, मामाच्या मांडीवर पेपर आहे हे पाहिलं, मग आत आली. “पाटलीनबाई, इरजन हाय काय?” मामीनं तिला तासभर सोडलं नाही.

ती गेल्यावर मामी ओसरीत आली. मामा पेपर हातभर लांब धरून बसला होता.

“अवो, आता तरी चष्मा करा.”

“काऊन?”

“आता हासाले शत्रू कोन रायला?”

मामानं पेपर खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. तिच्या आणि त्याच्यामध्ये दहा पावलं असतील. तेवढ्यावरून त्याला सगळं लख्ख दिसत असे.

“तू हाय ना,” तो म्हणाला.