साच्यावरची पाटी

ब्रँड म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी सातबारा असं उत्तर देते. लोक हसतात. हसू देत. चाकणजवळच्या आमच्या गावातली रानं कंपन्यांना गेली, तेव्हा नोटीस एकट्या चुलत्यांच्या नावानं आली. उताऱ्यावर एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून त्यांचंच नाव होतं. वडिलांचा जन्म त्या रानात गेलेला. "सख्खा भाऊ हाय, नाव कुणाचं का असंना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी पैसे चुलत्यांकडे गेले आणि वडील हात हलवत घरी आले. मी तेव्हा शाळेत होते, पण तो राग माझ्या पोटात अजून ताजा आहे.

आमचे हे लातूरकडचे. मोटारींच्या रबरी भागांचे साचे बनवण्यात यांची वीस वर्षं गेली. आमच्या या पट्ट्यात एक रीत आहे. साचा पडून असतो बनवणाऱ्याच्या शेडमध्ये, पण मालक असते ऑर्डर देणारी कंपनी. म्हणून साचा तयार झाला की त्यावर तिच्या नावाची पाटी रिव्हेट मारून बसवायची.

कबड्डी मातीतून मॅटवर गेली तेव्हा पोरांचे पाय घसरायला लागले, आणि आम्हाला बूट सुचले. भोसरीत शेड घेतली. मॅट धरून ठेवेल असा सोल यांनी तयार केला, वरचा भाग मी आणि चार बाया शिवायचो. एक टाच आणि तिच्याखाली दोन रेषा, अशी खूण मी पुठ्ठ्यावर काढली. ती यांनी साच्याच्या पोटात कोरली. विक्री पिंपरी कॅम्पातल्या एका शेठजींकडे दिली.

पहिला सोल काढायच्या दिवशी मी हळदकुंकू आणि नारळ घेऊन साच्यापाशी गेले, तर वर चकाचक पाटी! आमच्या पदरमोडीतून, आमच्या हातानं झालेल्या साच्यावर शेठजींचं नाव.

"अहो, हे काय केलंत?"

हे डोकं खाजवत म्हणाले, "सवयच पडली की. मालकाची पाटी नसली की साचा अर्धाच वाटायलाय."

मला वडील आठवले. दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी निगडी प्राधिकरणातल्या एका ट्रेडमार्क एजंटकडे गेले आणि बुटाचं नाव आणि खूण दोन्हींच्या नोंदणीचा अर्ज भरला. आधारवर माझं माहेरचंच नाव होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आळसानं बदललेलं नव्हतं. अर्जावर तेच गेलं.

"बुटाचा सातबारा काढायलीस का काय?" यांनी टोमणा मारला.

"व्हय, त्योच काढतीय."

यथावकाश प्रमाणपत्र आलं. ते मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं. पाटी मात्र राहिली, कारण शेठजींना वाईट वाटेल म्हणून यांना ती काढवेना.

मग बूट गावोगावच्या संघांत पोचले आणि गेल्या वर्षी शेठजींनी आपला धंदा एका मोठ्या कंपनीला विकून टाकला. विकलेल्या यादीत आमचा ब्रँड होता, साचाही होता. आम्हाला हे कळलं ते कंपनीचा साहेब टेम्पो घेऊन दारात उभा राहिला तेव्हा. बूट आता दुसरीकडे बनणार होते. माझ्या बायांचे हात मशीनवरच थांबले.

साहेब सभ्य होता. त्यानं पाटीवर बोट ठेवलं. "मॅडम, साचा कोणाचा ते इथंच लिहिलंय."

यांनी पाटीवर हात ठेवला, जणू ती आता झाकता येणार होती. मला यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की काही विचारू नका. मी घरी जाऊन प्रमाणपत्र आणलं आणि साहेबाच्या हातात दिलं.

"साचा न्यायचाय? न्या. पण त्याच्या पोटातली खूण माझी हाय. त्यातनं एक जरी सोल काढला, तरी गाठ माझ्याशी हाय."

त्यानं कागद दोनदा वाचला. बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. टेम्पो रिकामा परत गेला. मी शेडच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसले, बाया टाळ्या पिटत होत्या. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता!

महिन्याभरात कंपनीच बोलणी करायला आली. ब्रँड विका म्हणाले, मी नाही म्हटलं. आता विक्री त्यांची, पण बूट आमच्याच शेडमध्ये बनतात आणि मालकी माझी.

करार झाला त्या दिवशी यांनी जुनी पाटी छिन्नीनं उडवली. नवी स्वतः ठोकली, एकेक अक्षर पंचानं मारून, प्रमाणपत्रावर होतं तसंच माझं नाव. मी वडिलांना बघायला आणलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. बोट फिरवत फिरवत ते दुसऱ्या शब्दावर थांबले.

"ह्ये तर माझं नाव हाय."

"तुमचंच हाय, दादा."

त्यांनी उपरण्यानं पाटी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.