आमच्या सगळ्यांची शुगर

डोंगर चढताना दम लागतो, आणि दम लागला की माणसाला खोटं बोलायला जमत नाही. त्यामुळं आमच्या रविवारच्या गटाचे किस्से गोळा करावे लागले नाहीत, आपोआप साठले. परवा शिकतानाच्या एका मैत्रिणीनं फोनवर विचारलं, "परदेशात सायकॉलॉजी शिकून सांगलीत नक्की करतेस काय?" म्हटलं, दंडोबाचा डोंगर चढते! तिला वाटलं, चेष्टा करतेय. मग हे सांगितलं.

*

पहिल्या रविवारी मी पायथ्याशी बॅनर लावला, 'मनःस्वास्थ्यासाठी निसर्गात चला.' दोन तास एकटीच उभी! शेवटी चहावाल्यानं हळूच विचारलं, "मॅडम, येड्यांची गाडी कवा येणार हाय?"

पुढच्या रविवारी बॅनर बदलला, 'शुगरसाठी चाला.' अकरा जण आले.

*

अकरातले चार टिकले. त्यातल्या लताताई कुपवाडच्या कारखान्यांत जेवणाचे डबे पुरवतात. मी उत्साहानं वही काढली. "तुमची शुगर किती?"

"मला कुठली शुगर?"

"मग येता कशाला?"

"मालक गेल्यापासनं झोप न्हाई. पण झोपेसाठी डोंगर चढते म्हटलं, तर सासू म्हणंल, सुनेला याड लागलं. शुगर म्हटल्यावर स्वतः बूट आणून दिलं तिनं!"

त्या दिवसापासून आमच्यात तो शब्दच पडला. कुणाचं मन जड झालं की तो म्हणतो, "आज शुगर वाढलीया." बाकीचे काही विचारत नाहीत. नुसते त्याच्या चालीनं चालतात.

*

आण्णा तासगावचे. द्राक्षाची बाग, खिशात कायम बेदाणे. एका रविवारी चढताना त्यांनी खिशाला हातच लावला नाही. वर आल्यावर म्हणाले, "शुगर वाढलीया माझी."

त्यांच्या बायकोला विसरण्याचा आजार आहे.

"काल तिनं मला पानावर बसवलं, वाढलं, आन् विचारलं, 'पाव्हणं, कुठल्या गावचं तुमी?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तासगावचाच म्हटलं. तर म्हणती कशी, 'मग आमच्या ह्यांना वळखत असाल की!'"

*

सुभेदार माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त. चढण्याआधी, वर पोचल्यावर आणि खाली उतरल्यावर गिनती घेतात. एकेकाकडं बोट करून मोजतात. आम्ही पाच जण. सुभेदार म्हणतात, "सहा. चला."

पहिल्यांदा मी मध्येच बोलले. "पाचच आहोत आपण."

"तुमी बघताय ते पाच. माझा एक बर्फात ऱ्हायलाय. त्याला सोडून मोजायला जीभ वळत न्हाई."

पुढच्या रविवारी आण्णांनी बेदाण्यांचे सहा वाटे केले.

*

आता माझी चूक. तीही सांगायलाच हवी.

दिलीप कुपवाडला लेथ मशीनवर काम करतो. त्याच्या धाकट्या भावानं, संदीपनं, गेल्या उन्हाळ्यात विहीर जवळ केली. दोर सोडून, आत उतरून त्याला वर काढलं ते दिलीपनंच. हे मला माहीत होतं. तरी मी वर्गात शिकलेला प्रयोग करायला बसले. "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. सर्वांत जवळच्या माणसाचा चेहरा समोर आणा."

दिलीप ताडकन उठला आणि झाडीत चालता झाला. सुभेदार त्याच्यामागं गेले. तासाभरानं दोघं परत आले. दिलीप कुणाकडं बघत नव्हता.

सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्या बुकात विहीर न्हाई वाटतं."

त्यानंतर मी डोंगरावर पुस्तक नेलेलं नाही. डोंगर माणसाला धरून ठेवतो, यावर माझा अजून ठाम विश्वास आहे. पण डोंगराला हात नसतात. ते आपणच व्हायचं असतं, एवढं मला तिथं कळलं. दिलीपला मी डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. तो डोंगरावर येत राहिला, पण बोलणं जवळजवळ बंद.

*

शेवटचा किस्सा बुधवारचा.

भर दुपारी दिलीपचा गटावर मेसेज आला, "शुगर लय वाढलीया. रविवारी वाट बघू नगा."

मी तेव्हा एका कॉलेजात, फोन बंद ठेवून, 'मनाची हाक वेळीच ओळखा' यावर भाषण देत होते! बाहेर आले तर लताताईंचे सात मिस्ड कॉल.

मी कुपवाडला पोचले तेव्हा बाकीचे तिघं कारखान्याच्या दारात होते. लताताई डब्यांची पिशवी तशीच घेऊन आलेल्या. आत दिलीप बंद मशीनवर हात ठेवून उभा होता. समोर सुपरवायझर कावराबावरा.

"काय झालंय याला? तासभर झाला, हलत न्हाई."

"शुगर वाढलीया," लताताई म्हणाल्या.

"दिलप्याला शुगर हाय?"

"आमा सगळ्यांनाच हाय!" आण्णा म्हणाले, आणि दिलीपचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आले.

सुभेदारांनी त्याला गाडीवर मधे बसवलं, मागं आण्णा. तेलकट कपड्यांतच तो डोंगर चढला. ऊन कडक. आम्ही सगळे त्याच्या चालीनं. वर पोचल्यावर तो खडकावर बसला आणि मोठ्यानं रडला. वर्षभरात पहिल्यांदा. लताताईंनी डबा उघडून त्याच्या हातात भाकरी दिली. त्यानं अर्धी खाल्ली.

"डॉक्टरांकडं जाऊ या, आत्ताच. मी आहे बरोबर," मी म्हटलं. त्यानं होकाराची मान हलवली.

उतरायची वेळ झाली. आम्ही सवयीनं ओळीत उभे राहिलो. सुभेदार मोजायला पुढं आले, थांबले, आणि दिलीपला म्हणाले, "आज गिनती तू घे रं."

दिलीप उठला. एकेकाकडं बोट केलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग ओळीशेजारच्या मोकळ्या जागेकडं दोनदा केलं.

"सात," तो म्हणाला.

"बरोबर," सुभेदार म्हणाले. "चला."